चार माणसं आणि एक कप

कपाच्या कानात बोट नीट बसत नव्हतं. चिनी मातीचा, पातळ काठाचा, निळी रेघ ओढलेला कप... तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता, परक्याचं तान्हं बाळ धरावं तसा. घरी सगळं स्टीलचं. काच, चिनी माती, आरसेसुद्धा माळ्यावर गेले त्याला किती दिवस झाले कोण जाणे. ओठाला चटका न बसता चहा पिता येतो, हे ती विसरूनच गेली होती.

टेबलावर फोन पालथा होता. "वहिनी, तू जा बघू," नणंद दारात म्हणाली होती, "काही झालं तर फोन करीन. नाही झालं तर उगाच करणार नाही." लेकीला, चिडली की हाती येईल ते फोडणाऱ्या चिमीला, तिच्यावर सोपवण्याची ही पहिलीच खेप. आधी शेजारणीनं सांभाळून पाहिलं, मग मावशीनं. दोघींनीही कानाला खडा लावला. आज फोन वाजला की नणंदही गेली, आणि नणंद गेली की ही खोली गेली — शाळा सुटल्यावर पालकांच्या गटाला मिळणारा हा संगीताचा वर्ग, झाकून ठेवलेला पियानो, आणि 'पोरीला जरा धाक लावा' असं न सांगणारी जगातली एवढीच माणसं. ही माणसं हरवली तर मी कुणाशी बोलू?

समुपदेशक बाई आज रजेवर होत्या. नर्स होती, जिचा मुलगा खोलीबाहेर येत नाही. बेकरीवाला होता, ज्याची मुलगी चावते. आणि एक नवा बसड्रायव्हर, टोपी मांडीवर घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेला.

"माझं तसं काही नाही," तो म्हणाला. "बायकोनं पाठवलं."

"इथं सगळे बाप बायकोनंच पाठवलेले असतात," बेकरीवाला म्हणाला आणि त्यानं बिस्किटांची बशी पुढं सरकवली.

ड्रायव्हरनं हात लांबवला, कोपर लागलं, आणि त्याचा कप फरशीवर पडून खळ्ळकन फुटला.

"काही नाही झालं. मी इथंच आहे."

कोण बोललं? ती स्वतःच बोलली होती. नर्सही, बेकरीवालाही — बाईंनी घोटून घेतलेल्या त्याच खालच्या पट्टीत, तिघं खुर्चीतून अर्धवट उठलेले, तळवे उघडे, समोर कुणीच मूल नाही. आणि ड्रायव्हर, ज्याला अजून कुणीच काही शिकवलं नव्हतं, गुडघ्यांवर बसून तुकड्यांना हळूच म्हणत होता, "कुणी रागावलं नाही हं, बाळा..."

मग तिघांची नजरानजर झाली.

"कपाला आता बरं वाटलं असेल," बेकरीवाला म्हणाला.

मग मात्र कुणाला आवरेना. नर्सनं पदर तोंडात कोंबला. ड्रायव्हर हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि पुसतच राहिला. "घरी हसायची चोरी आहे हो. मुलीला वाटतं, तिलाच हसतोय."

तिनं आपल्या निळ्या रेघेच्या कपाकडे पाहिलं. तिनंही हसू काचेबरोबरच माळ्यावर टाकलं होतं की... चिमी लहान असताना दोघी किती खिदळायच्या, भाजीत पडलेल्या झाकणावरसुद्धा! कधी थांबलं ते? कुणी थांबवलं?

निघताना फोन उचलला. तो वाजला नव्हता. आणि कप फुटल्यापासून तिला त्याची आठवणही झाली नव्हती, याचं तिला भारी नवल वाटलं, भारी बरंही वाटलं.

एरवी ती घराच्या दाराबाहेर थांबायची, आत काय चाललंय याचा अंदाज घेत, श्वास रोखून. आज जिना चढताना एकच घोळ चालला होता — सुरुवात कुठून करावी? कपापासून, की ड्रायव्हरच्या टोपीपासून? चिमी रागावेल कदाचित. मला हसताय, म्हणेल. किंवा... किंवा विचारेल, मग कप काय म्हणाला? सांगू का तिला? सांगतेच. काय व्हायचं ते होवो. कानोसा घ्यायचा राहूनच गेला, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बोट बेलवर टेकलं होतं, आणि ओठांवरचं हसू काही केल्या मागं जात नव्हतं.