तपासणारा गप्प आहे

माझी नात संस्कृती हिला पुण्याच्या एका कंपनीने नोकरीसाठी बोलावले होते, आणि तिने तिकडे जाऊ नये अशी माझी इच्छा होती. सर्जेरावांच्या संगणक वर्गाने तिचे काम स्वीकारले असते, तर ती याच शहरात, माझ्या डोळ्यांसमोर राहिली असती. म्हणून ती सर्जेरावांना काम दाखवायला निघाली तेव्हा मीही सोबत गेले. व्यवहाराची बोलणी एकट्या मुलीवर सोडण्याची आमच्या घरात रीत नाही.

तिने ब्राउझरमध्ये चालणारा एक एडिटर तयार केला होता. मुलांनी त्यात कोड लिहायचा, आणि तिने रचलेल्या फंक्शनने ओळ न् ओळ वाचून चूक असेल तिथे लाल खूण करायची. सर्जेरावांनी वर्गातल्या एका मुलाचा लांबलचक कोड त्यात आणून टाकला. लाल खूण एकही उमटली नाही.

"एकबी चूक नाय!" सर्जेराव खूश झाले. "मावशी, नात लई हुशार निघाली तुमची."

संस्कृती हसली. मला मात्र खुर्चीत बसवेना. आमची मेंढरे दौलताबादच्या माळावर बसत, तेव्हा राखणदाराने मधूनमधून हाळी दिलीच पाहिजे, असा माझ्या सासऱ्यांचा दंडक होता. हाळी आली नाही, तर सगळे ठीक आहे असे कोणी समजत नसे. तत्काळ माणूस धाडला जाई.

"सर्जेराव, आता त्याच्याच खाली मुद्दाम चुकीचं लिहा," मी म्हणाले.

"आजी, कशाला गं?"

"लिहू दे त्यांना."

त्यांनी एक कंस उघडून तसाच सोडला आणि पुढे मनाला येईल ते ठोकले. पडदा स्वच्छच राहिला.

"आं?" सर्जेराव माझ्याकडे पाहू लागले.

संस्कृतीचे कान लाल झाले. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि थोड्याच वेळात कारण शोधले. त्या कोडमधल्या एका रिकाम्या ओळीवर तिचे फंक्शनच अडखळून बंद पडत होते, आणि फंक्शनचे उत्तर आले नाही की एडिटर चूक नाही असे धरून चालत होता. तिने ते अडखळणे दूर केले. लाल खुणा भराभर उमटल्या. त्या मुलाच्या चुकाही बाहेर आल्या. शिवाय फंक्शन पुन्हा कधी बंद पडलेच, तर वर पिवळी पट्टी यावी अशी तिने व्यवस्था केली आणि ती पट्टी दाखवलीही: 'तपासणी अर्धवट थांबली आहे.'

"लाल खुणा झ्याक," सर्जेराव म्हणाले. "पण ती पट्टी काढ. पालक म्हणतील, ह्यांचं सॉफ्टवेअरच आजारी. पट्टी काढ, काम तुझं."

"मग बंद पडलं तर पोरांना कळणार कसं, काका?"

"नाय कळलं तर काय बिघडलं? आत्तापर्यंत तुला तरी कुठं कळलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. 'काढ' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी पदर सावरला, उठले, पुन्हा बसले. ती माझ्यासाठी थांबली नाही. तिने लॅपटॉप मिटला.

"नाही काढणार, काका."

जिना उतरताना ती माझ्या पुढे चालत होती.

"तू गप्प बसली असतीस ना आजी, तर काम मिळालं होतं."

"मिळालं होतं."

"आता पुण्याला होकार कळवते."

"कळव," मी म्हणाले.

रस्त्यावर मीच रिक्षा थांबवली. घरी जायला 'हर्सूल' म्हणताना माझा आवाज नीट निघाला नसावा. रिक्षावाल्याने पुन्हा विचारले.