आठ मीटरांवरचा खांब

टॅमसिनने मोजायच्या टेपचं टोक पांढऱ्या खांबाला अडकवलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या आजोबांनी घर सोडलं. तूर्त मात्र तसं काहीही घडलेलं नव्हतं. आजोबा, अर्नेस्ट गार्बट, मागच्या दारात चहाचा मग धरून उभे होते, घर त्यांच्या पाठीशी होतं, समुद्र कड्याखाली होता, आणि सगळं जिथल्या तिथे आहे असंच धरून चालायचं होतं.

"आठ," ऑर्मरॉड सर कड्याच्या बाजूने म्हणाले.

सरांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. इथला कडा पायाखालून जातो, वरून डोक्यात पडण्यासारखं आभाळाखेरीज काही नाही. पण शाळेच्या सुरक्षा-नियमांत हेल्मेट होतं म्हणून डोक्यावरही होतं.

दर मे महिन्यात सर भूगोलाचा वर्ग घेऊन किनाऱ्यावर येत आणि समुद्राला अडवण्याचे उपाय कितपत चालतात ते तपासत. शहरापुढे ते छान चालत होते. तिथे पाण्यात आडवे घातलेले लाकडी बांध दक्षिणेकडे निघालेली वाळू धरून ठेवत, त्यामुळे शहराला ऐसपैस पुळण होती आणि पुळणीवर पोरांना पाठीवर घेऊन फिरणारी, कंटाळलेली गाढवं होती. शेवटच्या बांधापलीकडे वाळू पोचत नसे. तिथे लाटा थेट चिखलमातीच्या कड्यावर आदळत आणि कडा दरवर्षी मागे सरके. तिथेच अर्नेस्ट राहत.

फक्त त्यांच्या बागेतला कडा सरकत नव्हता. खांबापासून कड्यापर्यंतचं अंतर दरवर्षी आठ मीटर भरे. शेजारचं घर गेलं, त्या पलीकडचा रस्ता गेला, इथे आठ. सरांना इथल्या मातीत काहीतरी विशेष असल्याचा संशय होता. भूगोल शिक्षकांच्या मासिकासाठी त्यांनी त्यावर लेखही लिहायला घेतला होता.

या आठमुळे टॅमसिनची आई मात्र रडकुंडीला आली होती. नगरपालिकेने अर्नेस्टना शहरात एक फ्लॅट देऊ केला होता. महिनाअखेरीपर्यंत किल्ली घेतली नाही तर तो दुसऱ्याला जाणार होता. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर हा विषय निघे, आणि दर रविवारी अर्नेस्ट भाजलेल्या बटाट्यांवर रस्सा ओतत एकच उत्तर देत: शाळेची मोजणी सांगेल त्या दिवशी निघतो, तुझ्या सांगण्यावरून नाही, तू काही भूगोल शिकलेली नाहीस. तेव्हा टॅमसिन आईला म्हणाली होती, यंदा मोजणारी मीच आहे, काळजी करू नकोस. आकडे काय सांगतील याविषयी तिला शंका नव्हती.

आकड्यांनी आठ सांगितलं.

टेप गुंडाळताना ती खांबाला टेकली आणि उन्हाने डोळे दिपले म्हणून तिने हात बाजूला टेकवला. हात स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून आत गेला आणि किटलीला लागला. तिने किटलीकडे पाहिलं, मग खांबाकडे. लहानपणी हा खांब गूसबेरीच्या झुडपांपलीकडे होता. आता झुडपंच नव्हती.

"आजोबा, खांब तुम्ही हलवता?"

"दर वसंतात," अर्नेस्ट म्हणाले. "तुझे सर फोनवर बजावतात ना, खांब कड्यापासून आठ मीटरच्या आत नको, मुलांना धोका. मग मी मोजून बरोब्बर आठावर ठोकतो. उगाच पोरांच्या जिवाशी खेळ नको."

ऑर्मरॉड सरांनी हेल्मेट काढलं, आत पाहिलं आणि पुन्हा घातलं.

"पुढच्या वर्षीचीही सोय करून ठेवली आहे," असं म्हणून अर्नेस्टनी दोघांना आत नेलं. स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, जमिनीवरच्या लिनोलियमचा खांबाएवढा एक चौकोन कापून काढला होता. कडांना चिकटपट्टी लावली होती, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. टेबल तेवढं सरकवावं लागेल, ते म्हणाले.

टॅमसिनने वाकून पाहिलं. पट्टी अगदी सरळ लावलेली होती.

सर लवकर सावरले. निकाल सगळे रद्दच, पण प्रकल्पाच्या अहवालातल्या मूल्यमापनाच्या भागात आपल्याच पद्धतीतली चूक शोधायला गुण असतात आणि अशी चूक अख्ख्या इंग्लंडात कुठल्या शाळेकडे नसेल, असं तिला सांगून ते उरलेल्या मुलांना मोजायला निघून गेले. मासिकाचा लेख मात्र तिथेच संपला.

टॅमसिनने टेबलाशी बसून मूल्यमापन एका दमात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मोजणीचा खांब स्थिर नव्हता. अंतर कायम राहिलं, कारण ते कायम राखण्यात आलं. खांब जितका मागे आला तितकाच कडाही मागे आला आहे. सबब या घरात राहणं आता शक्य नाही.

अर्नेस्टनी 'सबब'ला मान डोलावली.

"हे तपासायला कुणी येतं?"

"कधी कधी," टॅमसिन म्हणाली. कुणी कधीच येत नसे.

"आणि मी इथे चहा पीत सापडलो तर?"

"तर माझा निष्कर्ष खोटा पडतो. गुण जातात."

"बरेच?"

"बरेच."

अर्नेस्टनी उरलेला चहा मोरीत ओतला. मग विसळला, पुसला, आणि तो टांगायच्या खिळ्याकडे गेलेला हात मागे घेतला. कोपऱ्यातलं कालचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी मग त्यात गुंडाळला, कान सांभाळून. नंतर दुसरा मग काढला.

तिसरा मग गुंडाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, शेवटी सुधारणा सुचवायच्या असतात ना? असतात, ती म्हणाली. मग त्या मी सांगतो, तू फक्त लिही, आणि भाषा सरकारी ठेव, नाहीतर लोक लक्ष देत नाहीत.

तिने त्यांच्या सांगण्याबरहुकूम लिहिलं:

"शहरापुढील लाकडी बांधांनी आजवर अडवून ठेवलेली वाळू मूलतः गार्बट यांच्या बागेखाली येण्यास निघालेली होती. तरी संबंधित विभागाने ती सर्व वाळू, गाढवे वगळून, समुद्रामार्फत अथवा अन्य सोयीच्या वाहनाने वरील पत्त्यावर त्वरित पोचती करावी, ही विनंती. स्वीकारण्यासाठी घरी कुणी नसल्यास कड्याखाली ठेवावी."