खंडेनवमीचं लाईव्ह

रणजीतशेठनी स्वतःचा मोबाईल विजयश्रीच्या हातात कोंबला आणि फेटा सारखा केला.

"लाईव्ह कर. कंपनीच्या पेजवर. आईच्या मागं मागं राहा, एकही मशीन सुटता कामा नये. सगळी भावकी बघणारे."

"मी, शेठ?"

"मग काय मी? तुला जमतं मोबाईलमधलं, वर्षाली म्हणाली."

विजयश्रीने तिच्याबरोबर पॅकिंगला असणाऱ्या वर्षालीकडे पाहिलं. ती बया मान खाली घालून झेंडू निवडत होती.

आता काय म्हणावं या योगाला! तळवड्यातल्या त्या फोमच्या कारखान्यात उन्हाळ्यापासून कामगारांचे मोबाईल गेटवर जमा करून घेत होते. आणि जिच्यामुळे घेत होते, तिच्याच हाती मालकाने आपला मोबाईल दिला होता. 'तळवड्याची खबर' हे पेज विजयश्री चालवायची. खड्डे, तुंबलेली गटारं, न येणारं पाणी, सगळं नाव न सांगता. उन्हाळ्यात कटिंगच्या मशीनमधून धूर निघाला आणि पॅकिंगच्या बायका मागच्या दाराकडे धावल्या, तेव्हा दाराला साखळी होती आणि साखळीला कुलूप. आम्रपाली पोटुशी होती. खोकत, भिंत चाचपत ती कशीबशी पुढून बाहेर आली. फोम पेटला नाही हे नशीबच.

दुसऱ्या दिवशी विजयश्रीने दारासकट कुलपाचा फोटो पेजवर टाकला. शेठनी खाली लिहिलं, "हा आमच्या कंपनीचा फोटो नाही." झालं! जुन्या घराण्यातला, नाक्यावर पाणपोई बांधलेला माणूस. त्याच्यावर कोण अविश्वास दाखवणार? पेजवाल्याला मात्र लोक खोटारडा, खंडणीखोर, नाही नाही ते बोलले. विजयश्री वाचत गेली आणि रडत गेली. उत्तर द्यायचं तर नाव सांगावं लागणार, आणि नाव सांगितलं की नोकरी गेलीच. कुलूप तसंच राहिलं, मोबाईल मात्र गेटवर जमा होऊ लागले.

तिने लाईव्ह सुरू केलं.

शेठच्या आई, दुर्गाबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन निघाल्या. खंडेनवमीला लोखंड म्हणजे देव, आणि दुर्गाबाई देवाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. मशिनी झाल्या, वजनकाटा झाला, ट्रॉल्या झाल्या. पाटावर मांडलेले पाने, हातोडा, करवत, सगळ्यांना बोटं लागली. पुढे शेठ पाहुण्यांची गळाभेट घेत होते.

"मोठ्या आई, आता आरती ना?" वर्षालीने विचारलं.

"आरती कशी? मागं लोखंड हाय की अजून."

आणि म्हातारी फोमच्या गुंडाळ्यांमधून वाट काढत थेट मागे गेली. विजयश्री मागोमाग. मागं मागं राहा, असं मालकानेच बजावलं होतं ना!

वर पाटी होती, 'आपत्कालीन दरवाजा'. खाली तेच कुलूप. दुर्गाबाईंनी त्याला मनोभावे हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

मोबाईलवर भराभर अक्षरं उमटू लागली. 'अरे, फोटोतला दरवाजा हाच की!' 'शेठ तर म्हणाले आमचा नाही!'

विजयश्रीने मोबाईल कुलपावरच धरून ठेवला. आज गप्प बसलं तर जन्मभर गप्पच, हे तिला कळत होतं.

"मोठ्या आई, हे दार कायम बंद असतं. धूर झाला तेव्हा आम्ही सगळ्या इथंच अडकलो होतो. ही आम्रपाली पोटुशी होती."

"ए, बंद कर ते!" शेठ धावत आले.

"का म्हून बंद? पूजा चाललीय." दुर्गाबाई वळल्या. "रणजित्या, पोरगी म्हनती ते खरं हाय?"

शेठनी मोबाईलकडे पाहिलं. मोबाईल त्यांचा, पेज त्यांचं, बघणारी भावकी त्यांची.

"माल चोरीला जातो आई, म्हणून..."

"चावी कुनाकडं?"

"सुपरवायझरकडं. समाधानकडं. तो सणाला गावी गेलाय."

"म्हंजी आज जाळ लागला तर आमी समद्यांनी समाधानची वाट बघायची व्हय? तोड ते!"

"आज हत्याराला हात लावत नाहीत, आई. पूजेला मांडलीत."

बोलणं खरं होतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुर्गाबाईंनी उभ्या आयुष्यात खंडेनवमीला विळासुद्धा हलू दिला नव्हता. त्या क्षणभर घुटमळल्या. मग तरातरा पाटाकडे गेल्या, हातोडा उचलून कपाळाला लावला आणि लेकाच्या हातात दिला.

"माझं मी बघते देवाशी. तू घाल घाव."

शेठनी घाव घातले. फेटा सुटून गळ्यात आला तरी घालत राहिले. कुलूप तुटून पडलं, दार करकरत उघडलं आणि भसकन ऊन आत आलं. लेकराला कडेवर घेऊन आम्रपाली आधी बाहेर पडली, मागोमाग सगळ्या. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. वर्षाली तर उगीचच दोनदा आतबाहेर करून आली. विजयश्रीला वाटलं, मोठ्याने ओरडावं. मग ती ओरडलीच!

शेठनी मोबाईल परत घेतला, पण लाईव्ह बंद करायचं त्यांना सुचलं नाही. आवाज बारीक झाला होता.

"ते खबरवालं पेज... कुणाचं गं?"

"माझं."

शेठनी गळ्यातला फेटा काढून काखेत मारला. बाहेरून दुर्गाबाईंची हाक आली, "रणजित्या, तिला पेढा दे आधी!"

गेटवर विजयश्रीने स्वतःचा मोबाईल सोडवून घेतला. 'तळवड्याची खबर'वर निरोपांची रांग लागली होती. 'ताई, आमच्याकडंही मागचं दार बंद असतं.' 'चाकणला याल का?'

तिथेच उभी राहून तिने उत्तर लिहिलं, 'पत्ता पाठवा, येते.' आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव टाकलं, विजयश्री निरंजन सूर्यवंशी.