गच्चीवरचा गार वारा

महेश्वर अंगडींच्या घरी पाणी तापत नव्हतं, आणि त्यापायी बिरदेव मेकॅनिकच्या नोकरीवर आलं होतं.

वैशाखात, चव्वेचाळीस डिग्रीच्या सोलापुरात कढत पाण्यावाचून कुणाचं अडतं, असं विचारणाऱ्याच्या घरात बाळंतीण नसते. महेश्वरची लेक अक्षता माहेरी बाळंत झाली होती. न्हाऊ घालणाऱ्या मुक्ताबाईची सकाळची सगळी घरं धरलेली, म्हणून ती इथे दुपारी चारला यायची. नळाखाली हात धरायची आणि "ह्याला पाणी म्हणायचं का?" असं अख्ख्या गल्लीला ऐकवायची.

बंगला जुळे सोलापुरातला, नवाकोरा. महेश्वरचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना. त्याने हौसेने गच्चीवर हीट पंप बसवला होता. हे यंत्र हवेतली ऊब ओढून पाण्याला देतं आणि उरलेली गार हवा पंख्यातून बाहेर फेकतं. साठ डिग्रीचं पाणी यायला हवं, तर येत होतं बेचाळीस. "एवढं तर वरच्या टाकीत नुसत्या उन्हाने तापतं. मग ह्या डब्याचं काय लोणचं घालू?" महेश्वर फोनवर कडाडला होता.

बिरदेव दोनदा येऊन गेला होता. पोचायच्या तासभर आधी फोन करायचा, हा कंपनीचा नियम. दोन्ही वेळा त्याने गॅस, पंखा, सेन्सर, सगळं तपासलं. त्याच्यासमोर पाणी साठला टेकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. डॉक्टर दारात आला की ताप उतरावा, तसलाच प्रकार. सात रस्ता चौकातल्या ऑफिसात अनिलकुमार साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. "अजून एकदा तक्रार आली, तर कार्ड टेबलावर ठेव आणि गावाकडे जाऊन मेंढरं राख. त्यांना हीट पंप लागत नाही." सगळे हसले. बिरदेवही हसला, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं.

तिसरी तक्रार आली तेव्हा त्याने फोन केला नाही. रोग अंगात असतानाच बघायचा, असं ठरवून भर दुपारी दोन वाजता तो बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर चढला.

यंत्राच्या पंख्यावर धोतर बांधलेलं होतं. जुन्या धोतराची लांबलचक बाही, टाका असा की मशीन झक मारेल. तिचं दुसरं टोक शेजारच्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीतून आत गेलेलं. आत खाटेवर महेश्वरचे वडील, शिवयोगी अण्णा, बाहीचं तोंड छातीवर घेऊन लहान लेकरासारखे झोपले होते. वय ब्याऐंशी. जन्म शिवणकामात गेलेला, कारखान्याचं पहिलं मशीन त्यांचंच. खालची खोली बाळंतिणीला दिली आणि अण्णांना 'पंधरा दिवसांपुरतं' वर आणलं, त्याला आता दीड महिना झाला होता.

बिरदेवने मीटर धरला. खोलीत सत्तेचाळीस, बाहीच्या तोंडाशी सव्वीस.

अण्णा दचकून उठले. "तम्मा, लेकरा, खाली सांगू नको. तुजा फोन आला की म्हेश खालनं वरडतो, मेकॅनिक येतोय म्हनून. मी लगीच काडून ठिवतोय की."

"अण्णा, बाही अरुंद हाय. वारा कोंडतोय, म्हनून पानी तापंना," बिरदेव म्हणाला. "रुंद पाईप टाकला की तुमाला गारवा आन खाली कढत पानी, दोनी हुतंय. मी बोलतो सायबाशी."

"नगं बाबा. मी त्याला वळखतो. हे काडतो, परत लावत न्हाय."

"बिरोबाची आन, वाईट हुऊ द्यायचो न्हाय."

खरं सांगायचं तर त्याला दया आली होती, पण निम्मी. उरलेल्या निम्म्यात एकदाचा दोष सापडल्याचा आनंद होता, आणि जिना उतरताना तोच पुढे धावत होता.

त्याने खाली सांगताच महेश्वर आणि त्याची बायको शिवलीला दोघंही वर आली. शिवलीलाने बाही ओढून काढली. "तान्ह्या जिवाच्या पाण्यातली ऊब घालवून झोपायचं? शोभतं का मामंजी?" अण्णा मान खाली घालून बसले.

"साहेब, अर्ध्या दिवसाचं काम आहे," बिरदेव म्हणाला. "पाईप टाकतो. नाहीतरी ही थंडी वाऱ्यावरच जाते, फुकट."

"फुकटचंच वाईट असतं. आज पाईप, उद्या खालचा एसी मागतील," महेश्वर म्हणाला. "यंत्र फिरव. तोंड रस्त्याकडे कर."

"पण साहेब, अण्णांना—"

"तक्रार बंद करायला माझा ओटीपी लागतो ना तुला?"

बिरदेवने पाना काढला. उन्हात भाजलेले चार बोल्ट निघाले. "अण्णा, धरा ते. हरवायचे नाहीत," महेश्वर म्हणाला. अण्णांनी ओंजळ पुढे केली. यंत्र उचलून, फिरवून, पुन्हा बसवेपर्यंत ते उन्हात तसेच उभे राहिले. बिरदेव एकेक बोल्ट उचलत होता, पण वर बघायची त्याची छाती झाली नाही.

यंत्र सुरू झालं. गार वारा कठड्यावरून रस्त्यावर पडू लागला, आणि खाली उभ्या गाडीच्या सावलीत एक कुत्रं येऊन पसरलं.

चार वाजता मुक्ताबाईचा आवाज आला. "आत्ता कसं! अगं बाई, हात पोळला की! दोन बादल्या गार पाणी आणा कुणीतरी, विसणाला!"

घरात आनंदीआनंद झाला. महेश्वरने ओटीपी सांगितला, वर पाच तारेही दिले. शिवलीलाने धोतराची बाही उसवायला घेतली. कापड धुवून धुवून मऊ झालं होतं, बाळाला चांगली दहा-बारा लंगोटं झाली असती.

राहिलेली हत्यारं आणायला बिरदेव पुन्हा गच्चीवर गेला. अण्णा पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. तळव्यावर चार लाल गोल चट्टे उठले होते आणि ते त्यावर हळूहळू फुंकर घालत होते. बिरदेवने पिशवी भरली. काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला, पण अण्णाच आधी बोलले. रागावले नव्हते, हे फार वाईट झालं.

"दोनदा फोन करून आलास की, तम्मा," ते म्हणाले. "आजबी करायचा हुतास."