एकतीस नावं

मी महाडच्या छापखान्यातला जुळारी. पंचवीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले: लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, निधनाच्या बातम्या. त्र्यंबक मास्तरांचं पुस्तक आलं तेव्हा मी मालकांपाशी कुरकुर केली. युरोपातल्या ज्यू लोकांचा इतिहास, आणि तो महाडात छापायचा! पुण्यामुंबईचे छापखाने काय ओस पडले होते?

पण माणूस अफाट होता. त्यांचा एक शाळासोबती शनवार तेल्यांपैकी, म्हणजे आपल्याकडचाच ज्यू. इस्रायलला कायमचा निघताना तो म्हणाला, "आमच्या लोकांचं तिकडं काय झालं ते मराठीत नीट लिही." मास्तरांनी ते मनावर घेतलं. पन्नाशीत शब्दकोश घेऊन जर्मन शिकले, पाच देशांत पत्रं धाडली. एका तारखेसाठी त्यांना चार महिने अडून बसलेलं मी पाहिलंय. असली नऊ वर्षं काढली आणि काचबिंदूनं डोळे धरले. दिवाळीनंतर दिसेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. आपलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

एकोणसाठच्या चैत्रात शेवटची सोळा पानं राहिली. त्यांत पोलंडमधल्या एका खेड्यातल्या दोनशे बारा माणसांची नावं होती. जर्मनांनी त्यांना एका सकाळी धरून नेलं होतं. मास्तरांनी प्रूफ तपासून दिलं. मला मात्र ती उघडीबोडकी नावं बघवेनात. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' नको? मास्तरांना न विचारता मी प्रत्येक नावाला ते लावलं आणि छापून मोकळा झालो. वर वाटलं, मास्तर शाबासकी देतील.

मास्तरांनी भिंगातून कागद पाहिला.

"महिपत, सगळ्यांना कैलासात धाडलंस ते एक वेळ राहू दे. पण यातल्या एकतीस जणांच्या मृत्यूचा पुरावा मला मिळालेला नाही. म्हणून मी नुसतं 'नेले' लिहिलं. तू त्यांना मारून टाकलंस."

"मास्तर, इतकी वर्सं झाली. कोन जित्तं ऱ्हातंय?"

"ते मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही ते मी लिहीत नाही. सगळी 'कै.' काढ, पुन्हा छाप."

"कागद संपलाय. नवा येस्तवर पावसाला सरंल. तुमचं डोलं..."

"थांबू," मास्तर म्हणाले.

मला संताप आला. एवढ्याशा अक्षरापायी म्हातारा हट्टाला पेटला, असंच वाटलं.

पुस्तक मार्गशीर्षात निघालं. तोवर मास्तरांना अंधुक उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं. मी त्यांच्या ओटीवर बसून दोनशे बारा नावं वाचून दाखवली. त्यांनी एकेक नाव नीट ऐकलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

माघात माझ्या पुतणीचं, आवडीचं लग्न ठरलं. पत्रिका मीच जुळवायला घेतली. माझा थोरला भाऊ कोंडाजी पलटणीतून इटलीच्या लढाईत गेला होता. चव्वेचाळीस साली तो बेपत्ता असल्याची तार आली, पुढं काहीच नाही. येसूबाई वहिनी तरी कुंकू लावायची. घरात सगळे तिला टोकायचे, आणि सगळ्यांत जास्त मी. रीतीप्रमाणे मी 'कै. कोंडाजी यांची कन्या' असं जुळवलं. मग त्या अक्षराकडे बघत राहिलो. मास्तरांनी परक्या एकतीस माणसांसाठी आपले डोळे पणाला लावले, आणि मी सख्ख्या भावाला असा मारून टाकत होतो. मी 'कै.' उपसून काढलं.

पत्रिका घेऊन वरंधला घरी गेलो. वहिनीला वाचता येत नव्हतं.

"भावोजी, यांच्या नावाआधी काय लिवलाव?"

"काय नाय, वयनी. नुसतं कोंडाजी."

तिनं पत्रिका माझ्या हातातून घेतली.

"मंग आवडीला पयली हलद मी लावीन," ती म्हणाली.

घरातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"लाव," मी म्हणालो.