सासरे लाल, सूनबाई निळी

आमच्या घरात राजकारण कधी शिरलं नव्हतं. शिरायला जागाच नव्हती. ओहायोतल्या बेल्टन फॉल्समध्ये आमचं छोटंसं घर, त्यात एकच न्हाणीघर, आणि राहणारे तिघं: मी, माझी बायको जोलीन आणि माझे वडील एमिल ह्रुस्का. सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात जी बाचाबाची व्हायची तेवढंच आमचं राजकारण.

जोलीन कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या गोदामात पोती उचलायची फोर्कलिफ्ट चालवते. मी लोकांच्या घरातले हीटर दुरुस्त करतो. पपा काचेच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आई गेल्यापासून ते तळघरातच बसायचे, रेडिओ लावून. काही विचारलं की "हं" म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर आम्हीही फारसं विचारत नव्हतो.

त्या वर्षी मंदी होती. म्हणून वॉशिंग्टननं पगारातून कापल्या जाणाऱ्या एका करात सूट दिली होती. हा कर म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी असतो. सूट एका वर्षापुरती, डिसेंबर संपला की संपली. ती वाढवायची की नाही यावरून तिकडं रण माजलं. जन्मभर 'कर कमी करा' म्हणून घसा कोरडा करणारा लाल पक्ष आता म्हणत होता, हा कर मुळीच कमी करू नका. आणि 'पेन्शनला हात लावाल तर याद राखा' म्हणणारा निळा पक्ष म्हणत होता, पेन्शनमध्ये थोडे कमी पैसे गेले तर कुठं बिघडलं? सगळ्यांनी एकमेकांच्या टोप्या घातल्या होत्या.

एके दिवशी निळ्यांच्या सिनेटरबाई मार्गो डेलुका यांच्या कचेरीतून कर्स्टन नावाची बाई आमच्या दारात आली. त्यांना सभेसाठी एक कष्टकरी बाई हवी होती, आणि जोलीनच्या युनियननं तिचं नाव सुचवलं होतं.

"ही सूट गेली तर तुमच्या घरावर काय परिणाम होईल?" कर्स्टननं विचारलं.

"कुठली सूट?" जोलीन म्हणाली.

कर्स्टननं समजावून सांगितलं. जोलीननं पगाराची पावती काढून पाहिली. वर्षभर तिच्या हातात थोडे जास्त पैसे पडत होते आणि तिला पत्ताच नव्हता.

"अगं बाई! आणि आता हे काढून घेणार?"

"हो."

"का म्हणून?" जोलीन उभीच राहिली. "माझे पैसे आहेत ते!"

कर्स्टन म्हणाली, "हे शेवटचं वाक्य सभेत अगदी असंच म्हणा."

जोलीननं म्हटलं, आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. गोदामातल्या बायका तिला 'सिनेटरबाई' म्हणू लागल्या.

हे लाल पक्षाला कसं सहन होणार? त्यांचे खासदार वेंडेल क्रॅबट्री यांचा माणूस ट्रेंट चार दिवसांत हजर झाला. जाडजूड, घामेजलेला, पण बोलायला लोण्यासारखा. जोलीन कामावर गेली आहे हे बघूनच आला असणार. सरळ तळघरात उतरला.

"मिस्टर ह्रुस्का, तुमच्या पेन्शनच्या हंडीला तळाशी भोक पाडायला निघालेत हे लोक. तुम्ही गप्प बसणार?"

पपा म्हणाले, "हं."

पण हा 'हं' वेगळा होता. तो मी फार वर्षांनी ऐकला.

शनिवारी पपांनी लग्नातला कोट काढला. ट्रेंटनं त्यांना लाल टाय दिला. मंचावर पपा माइककडं वाकून म्हणाले, "भट्टीपुढं उभं राहून माझ्या भुवया जळल्यात. पुन्हा नीट आल्याच नाहीत. त्या भुवयांच्या बदल्यात मला जे मिळतंय, त्याला कुणी हात लावू नका." लोक उठून उभे राहिले. पपांचा जुना दोस्त चेस्टर नोव्होत्नी पहिल्या रांगेत खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होता.

पपा तळघरातून वर राहायला आले. म्हणजे झोपायला खालीच, पण दिवसभर वर. नाश्त्यालाही टाय. फोन वाजला की सगळ्यांच्या आधी उठायचे. मला बरं वाटलं. पण माझी गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली.

"पपा, बटाटे घ्या," जोलीन म्हणायची. "माझ्या पगारातून आणलेत. तुमची पेन्शनही तिथूनच येते म्हणा."

"घेतो की. ज्या टेबलावर ठेवलेत ना पोरी, ते माझ्या भुवयांवर आलंय."

"भुवया, भुवया! त्या भुवयांनी जीव खाल्लाय माझा."

"लाइल, तुझ्या बायकोला सांग, घरात सभा नको."

"लाइल, तुझ्या वडिलांना सांग, टाय काढून जेवा. रस्सा लागतोय त्याला."

मी कुणालाच काही सांगत नव्हतो. बटाटे खात होतो.

मग एक दिवस वॉशिंग्टनमध्ये वारं फिरलं. लाल पक्षाला कुणीतरी दाखवून दिलं की लोक चिडलेत, सूट गेली तर निवडणुकीत आपलं काही खरं नाही. त्यांनी रातोरात जाहीर केलं, आम्ही तर आधीपासूनच सूट देण्याच्या बाजूनं! नुसती सूट नाही, दुप्पट सूट, तीही कायमची! त्याबरोबर निळे खवळले. गरीब म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर हा सरळसरळ दरोडा आहे, असं सिनेटरबाई डोळे पुसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आमचा फोन वाजला. मीच घेतला. ट्रेंट होता.

"पपांना देऊ?" मी म्हटलं.

"नाही नाही, मिसेस ह्रुस्का आहेत का?"

तो ठेवतो न ठेवतो तोच कर्स्टनचा फोन. तिला पपा हवे होते.

दोघं जेवायच्या टेबलाशी समोरासमोर बसले. आठवड्यात पहिल्यांदाच माझ्यामार्फत न बोलता बोलले.

"तुला काय म्हणायला सांगितलंय?" पपांनी विचारलं.

"तेच. 'माझे पैसे आहेत ते.' फक्त लाल जॅकेट घालून. तुम्हाला?"

"भुवयाच. एक शब्द बदलायचा नाही म्हणाली. निळा टाय पाठवतेय."

"पपा, यात काहीतरी गडबड आहे."

"गडबड आहेच. पण बोलणं माझं आहे ना? मग टाय कुठल्या रंगाचा का असेना." पपांनी खुर्चीवरचा कोट हातात घेतला. "आणि पोरी, पुन्हा कोण बोलावतंय मला?"

जोलीन उठली. तिनं त्यांचा कोट ब्रश केला.

दोन्ही सभा एकाच दुपारी होत्या. निळ्यांची अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, लालवाल्यांची रस्त्यापलीकडच्या चर्चच्या हॉलमध्ये. दोघंही जोलीनच्याच गाडीतून गेले, मी मागच्या सीटवर. मी पपांबरोबर राहिलो.

हॉलमध्ये निळे होते तसे खिजवायला आलेले लालही होते, मागच्या भिंतीशी दाटीवाटीनं. पपा माइकपाशी गेले. "भट्टीपुढं उभं राहून माझ्या भुवया जळल्यात," त्यांनी सुरुवात केली.

"बस कर रे म्हाताऱ्या!" मागून आवाज आला. "पोराबाळांचे पैसे खातोस!"

तो चेस्टर होता. शिट्ट्या मारणारा चेस्टर. मग बाकीचेही हुर्यो करू लागले. पुढचे निळे टाळ्या वाजवत होते, पण पपांना त्या ऐकू येत नसाव्यात. ते चेस्टरकडंच बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण पुढचं वाक्य आलं नाही. कर्स्टन खालून खुणा करत होती, "पेन्शन! पेन्शन!"

मी मंचाकडं निघालो, पण दार धाडकन उघडलं आणि लाल जॅकेटातली जोलीन आत आली. तिकडं तिची भाषणाची वेळ अजून यायची होती. खिडकीतून हुर्यो ऐकून ती रस्ता ओलांडून आली होती. तिला बघून लालवाल्यांना वाटलं आपली वाघीण आली. त्यांनी जल्लोष केला.

"गप्प बसा!" जोलीन ओरडली. गोदामात ओरडायची सवय, तिला माइक लागत नाही. "चेस्टर नोव्होत्नी, मागल्या शनिवारी हेच वाक्य ऐकून तू खुर्चीवर चढला होतास. काय बदललं रे? यांच्या भुवया उगवल्या का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. जोलीन मंचावर चढली आणि तिनं पपांचा दंड धरला. "चला पपा, घरी जाऊ."

टीव्हीवाली पोरगी माइक घेऊन धावली. "मिस्टर ह्रुस्का, सूट हवी की नको? तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

पपांनी टाय सैल केला. "मी सुनेच्या गाडीतून आलोय," ते म्हणाले. "ती जाईल तिकडं."

हे राज्यभर दाखवलं गेलं. खासदार क्रॅबट्री म्हणाले, सुनेच्या मागं जाणं म्हणजेच सूट द्यायला पाठिंबा. सिनेटरबाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांचा सन्मान राखणाऱ्या सुनेनं आमचंच म्हणणं मांडलं. नाताळच्या तोंडावर दोन्ही पक्षांनी सूट दोन महिन्यांपुरती वाढवली, आपापल्या विजयाच्या पत्रकार परिषदा घेतल्या आणि सुट्टीवर गेले. ट्रेंट आणि कर्स्टन यांचे फोन बंद झाले. पपा काही दिवस फोनपाशी घुटमळले आणि एका सकाळी तळघराच्या पायऱ्या उतरू लागले.

"पपा," जोलीननं हाक मारली, "मला ती भट्टीची गोष्ट पुरती सांगा ना. भुवया जळल्या, पुढं काय झालं?"

"तुला माझ्या भुवयांचा वैताग आलाय ना?"

"भाषणाचा आलाय. गोष्ट कुठं ऐकलीय मी?"

पपा वर आले. गोष्ट दुपारपर्यंत चालली. तिच्यात आई होती, संप होता, एक चोरलेली सायकल होती. मीसुद्धा यातलं निम्मं कधी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत सूट पुन्हा वाढली, या वेळी वर्षअखेरपर्यंत, फारशी आरडाओरड न होता. निवडणूक जवळ आली होती ना. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झाले, मटण बंद पण मासा चालतो, तसे आम्ही तिघं चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला गेलो. चेस्टर आपलं ताट घेऊन आला आणि न विचारता पपांसमोर बसला. बराच वेळ कोबीत काटा फिरवत राहिला.

"एमिल," शेवटी तो म्हणाला, "खरं सांग, ती पेन्शनची हंडी रिकामी होणार होती का रे?"

पपांनी लिंबाची फोड त्याच्या ताटात ठेवली.

"आधी मासा खा," ते म्हणाले. "गार होतोय."