मीटरवरचे दोनशे बारा तास

मिस्त्रीने गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सैल केला आणि तोंड फिरवलं. तेल म्हणायच्या लायकीचं नव्हतंच ते. काळं, चिकट, जळक्या केसांसारखा वास मारणारं काहीतरी डब्यात गळायला लागलं. दोन बोटांत घेऊन चोळलं तर धातूची चमचमती पूड हाताला लागली. तीस वर्षं इंजिनांच्या पोटात हात घातले, पण इतकी घाण त्याने परक्याच्या होडीतही पाहिली नव्हती. आणि ही तर सख्ख्या बहिणीची होडी.

काल दुपारी भर पाण्यात या होडीचा गिअर पडेना. इंजिन बोंबलतंय, पाण्यातला पंखा फिरत नाही, आणि चौदा उतारू घेऊन होडी आडवी होऊन पुलाच्या खांबाकडे निघालेली. दुसऱ्या होडीने दोर टाकला म्हणून निभावलं. बहीण होडीतच होती. घरी आल्यावर ती नवऱ्याशी चकार शब्द बोलली नाही. भावाला मात्र म्हणाली, "दादा, तू खोलून बघ. यांच्या हलगर्जीपणाने झालं असेल तर स्पष्ट सांग. होडी माझ्या नावावर आहे. उद्यापासून सुकाणूला दुसरा माणूस बघते."

मिस्त्रीला तेवढंच हवं होतं. तिचा नवरा, म्हणजे दाजी, बिनडोक आहे हे त्याचं मत लग्नाच्या दिवशीच पक्कं झालं होतं. घरचे जावई म्हणून अहो-जाहो करायचं, इतकंच. आत्तासुद्धा दाजी फडकं घेऊन भोंगा पुसत बसले होते. भोंगा चकचकीत, काचा चकचकीत, फळ्यांना दर सहा महिन्यांनी रंग. वरून झकपक आणि पोटात ही गटारगंगा! मिस्त्रीला त्या फडक्याचीसुद्धा शिसारी आली.

"दाजी, हे तेल कधी बदललं होतं?"

"तुम्हीच तर घातलं होतंत, दादा. होडी नवी घेतली तेव्हा."

"त्याला दोन वर्षं झाली!"

"हो, पण अडीचशे तास कुठे झालेत अजून?"

दाजींनी फळीखालून वही काढली. दर शनिवारी इंजिनाच्या तासांचं मीटर वाचून त्यांनी सुवाच्य अक्षरात आकडा लिहिला होता. सव्वीस. त्रेपन्न. असं वाढत एकशे शहाऐंशी. दोनशे बारा. त्याखाली पुन्हा दोनशे बारा. पान उलटलं तरी दोनशे बारा. रोज चार तास चालणारी होडी जवळजवळ दोन वर्षं दोनशे बारावर उभी होती.

"अहो, शंभर वेळा तोच आकडा लिहिताना हात कसा थांबला नाही तुमचा?"

"थांबला ना! पण तुमचं बोलणं आठवलं. 'दाजी, स्वतःचं डोकं चालवू नका, मीटर सांगेल तसं करा.' मग नाही चालवलं."

हे तो म्हणाला होता, चारचौघांत, आणि सगळे खो-खो हसले होते. इंजिनाच्या पुस्तिकेत 'अडीचशे तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं होतं. यांच्या टाळक्यात दोन गोष्टी राहायच्या नाहीत म्हणून वर्षाचं त्याने सांगितलंच नव्हतं.

चडफडत मिस्त्रीने मीटरच्या मागे हात घातला. एक वायर सुटी लोंबत होती. तिच्या टोकाला हिरवी टेप, आणि पुढे सोडवायला सोपी जावी म्हणून टेपची कड दुमडलेली. अशी कड अख्ख्या धक्क्यावर एकच माणूस दुमडायचा, तो स्वतः. होडी घेतल्यावर दोन महिन्यांनी त्याने पाणी उपसायच्या पंपाचा स्विच बसवला होता. ही वायर आड येत होती म्हणून काढून ठेवली होती. नंतर जोडू, असं म्हणाला होता.

दाजी पुन्हा भोंग्याकडे वळले होते, त्यांची पाठ होती. टेप नाहीशी करणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मिस्त्रीने टेप सोलून मुठीत दाबली, आणि तेवढ्यात बहीण फळीवरून आत आली.

"काय निघालं?"

"माझंच चुकलं असणार," दाजी मान खाली घालून म्हणाले. "दादांनी सगळं नीट सांगितलं होतं."

डब्यातला वास आता मिस्त्रीच्या घशात उतरला. त्या तेलाची जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्याला स्वतःच्या बंद मुठीची आली. त्याने मूठ उघडली आणि टेप बहिणीच्या हातावर ठेवली. तिच्या घरातल्या प्रत्येक वायरीला तीच टेप होती, तशीच दुमडलेली.

"मीटर मीच बंद पाडलं होतं," तो म्हणाला. "आणि अर्धंच सांगितलं होतं."

बहिणीने टेपकडे पाहिलं, मग वहीकडे. तिला समजायला वेळ लागला नाही.

"सुकाणूवर हेच राहतील," ती म्हणाली. "आणि दादा, उद्यापासून दुसरा मिस्त्री बघते."

ती उतरून गेली. मिस्त्री काळे हात अवघडून धरून तसाच उभा राहिला. दाजींनी भोंगा पुसायचं स्वच्छ फडकं त्याच्यापुढे धरलं.

"पुसा दादा," ते म्हणाले. "वास जाईल."